गोधडी बांधलेला खांब

जगातली सगळी काळजी रोज सकाळी आधी परतूरला आमच्या साडूंच्या दारात उतरते आणि त्यांचं पोट भरल्यावर उरलीसुरली बाकीच्यांना वाटली जाते, असं माझं ठाम मत आहे. त्यांना गाडीने जालन्याला यायचं असलं, की तिकिटाची खिडकी उघडायच्या आधी हे तिच्यासमोर हजर. आम्ही त्यांच्याकडून परत निघालो, की गाडी रांजणी सोडत नाही तोच फोन येतो, "पाव्हणे, पोचले का?" नाही म्हटलं, तर "कामून न्हाई पोचले?" भर मे महिन्यात ताडपत्री झाकून डाळ वाळवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. उभ्या मोटारसायकलला धक्का लागला तरी ते तिची माफी मागतात. अशा माणसाच्या घरी देवाने खो-खो खेळणारी नात दिली.

नात म्हणजे त्यांच्या मुलीची मुलगी, रेवती. जावई युगांडाचे. शिकायला मराठवाड्यात आले, साडूंच्या मुलीच्या वर्गात बसले आणि इथलेच होऊन गेले. लग्नाआधी साडूंनी करायच्या तेवढ्या काळज्या करून घेतल्या. पण जावयांनी पहिल्याच जेवणात ठेचा दोनदा मागून घेतला, तेव्हापासून त्यांना फक्त जावयांच्या पोटाची काळजी उरली. लेक-जावई पुण्याला दवाखान्यात नोकरीला, दोघांच्याही पाळ्या, म्हणून रेवती शाळेसाठी परतूरला राहिली. रंग, केस आणि उंची वडिलांची. भांडायची रीत मात्र थेट आमच्या अक्काची, म्हणजे साडूंच्या बायकोची.

गावाने तिला पाहिलं आणि लगेच ठरवून टाकलं, की ही पळणार. ती दूध आणायला निघाली तरी लोक म्हणायचे, "चाल बघा पोरीची. आफ्रिकेचं रक्त हाय." साडूंना हे झोंबायचं. त्यावर त्यांनी तोडगा काढला तो असा, की पळण्याचं रक्त आमच्याही घराण्यात आहे! त्यांच्या आजोबांनी म्हणे वडीगोद्रीच्या बाजारातून सुटलेला बैल पळत जाऊन धरला होता. दर वेळी सांगताना तो बैल थोडा पुढे जायचा. एकदा तर गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात शिरला. अक्का म्हणाली, "आज्यानं बैल धरला, मंग तुम्ही दळण आणायला रिक्षा कामून करता?"

खरं सांगायचं तर रेवतीला पळण्यात विशेष काही जमत नव्हतं. शाळेच्या शर्यतीत ती मधेच कुठेतरी असायची. तिचा जीव खो-खोवर, आणि त्यातही खांबावर. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, वाटेल तिथून मागे फिरता येत नाही. टोकाच्या खांबाला वळसा घालूनच बाजू बदलायची. कसलेला खेळाडू एका हाताने खांब धरतो, अंग जमिनीलगत झोकून देतो आणि पलीकडचा गडी टिपतो. तिला ते शिकायचं होतं, आणि शाळेच्या मैदानावर खांबांच्या जागी दोन दगड होते. साडूंनी सुताराकडून खांब करून घेतला आणि परसात रोवला. पहिल्याच दिवशी तिचा खांदा त्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर खांबाला अक्काची जुनी गोधडी सुतळीने घट्ट बांधलेली. "आता कितीबी आपट," साडू म्हणाले. त्यांना इतकं निर्धास्त मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पोर वर्षभर त्या गोधडीला लटकत राहिली आणि हाताला पकड बसली ती त्या जाडजूड, मऊ खांबाची.

तालुक्याच्या सामन्यात खरा खांब समोर आला. गुळगुळीत आणि बारीक. तिचा हात सटकला आणि ती तोंडावर पडली. मागून कोणीतरी म्हणालं, "एवढं रक्त आसून वाया चाललं." घरी आल्यावर गुडघ्याला हळद लावून घेताना ती म्हणाली, "जिंकले की पप्पांचं रक्त. पडले की रक्त वाया. तुम्ही म्हणता, बैलवाल्या आजोबांचं. मंग यात मी कुठं हाय, आबा?"

साडूंनी हळदीची वाटी अक्काच्या हातात दिली. ते उठून परसात गेले. बराच वेळ चाहूल लागेना म्हणून मी मागोमाग गेलो, तर साडू सुतळीच्या गाठी दातांनी सोडत होते. "पाव्हणे, मीच बिघडवून ठेवलं हो पोरीला," ते म्हणाले. गोधडीवरून त्यांच्यावर चिडायचं मी सामन्याहून येतानाच ठरवलं होतं, पण आता त्यांच्या शेजारी खाली बसलो. मी उरलेल्या गाठी सोडू लागलो.

मग रेवती उघड्या खांबावर पडायची, सोलपटायची, पुन्हा धरायची. साडू तेवढा वेळ कानात कापूस घालून स्वयंपाकघरात बसत. आणि काही ऐकू येत नाही याची काळजी वाटली, की कापूस काढत.

पुढच्या वर्षी जिल्ह्याचा सामना आमच्या जालन्यात होता, आम्ही सगळे तिथे जमलो. साडू मैदानाकडे पाठ करून उभे. "पडली का?" "नाही." "आता?" "नाही हो!" वेळ संपत आली, समोरच्या संघाची एकच मुलगी आत उरली, आणि ती बाद झाली तरच सामना आमचा. रेवतीला खो मिळाला, ती थेट खांबाकडे सुटली. "पडली का?" साडूंनी विचारलं. मी उत्तर द्यायचं विसरलो. तिने एका हाताने खांब धरला, अंग झोकलं, आणि त्या मुलीने मागे वळून पाहायच्या आत तिच्या पाठीवर थाप पडली. उत्तर येईना म्हणून साडू वळले, तोवर पोरींनी रेवतीला उचलून घेतलं होतं.

शेजारी शेंगा सोलत बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "हे शिकवून येत न्हाई. रक्तातच आसावं लागतं."

मोटारसायकलची माफी मागणारे आमचे साडू त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "भाऊ, रक्तात आसतं तर माझ्या गोधडीनं बिघडलं आसतं का? मी बिघडवलं, तिनं पडून पडून नीट केलं. बिलकुल तिचं हाय ते. आमचं कोणाचंच न्हाई." गृहस्थांना गोधडीचं काही कळलं नाही. त्यांनी शेंगा पुढे केल्या. खवट नाहीत ना असं विचारून साडूंनी त्या घेतल्या. रेवती मागे उभी राहून सगळं ऐकत होती. तिने येऊन आबांचा हात धरला आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

आता ती पुण्याला आईवडिलांकडे राहून मोठ्या संघात खेळते. परवा परतूरला गेलो, तर खांब परसात तसाच होता. तिच्या पकडीच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालंय. अक्का त्याला कपड्यांची दोरी बांधू म्हणते, साडू बांधू देत नाहीत. बैलाची गोष्टही त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. त्या गुळगुळीत जागेवर तळवा ठेवून ते म्हणाले, "पाव्हणे, तिकडच्या खांबाला कोणी गोधडी तर बांधली नसंल ना?"

"तिकडे कोण बांधणार?" मी म्हणालो. "तिकडे तुमच्यासारखं माणूस कुठं आहे?"

साडूंनी खांबावरची धूळ हाताने पुसली.

"तीच तर काळजी हाय," म्हणाले.