पूर ओसरल्यावर मार्कंड्याला, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन

कार्तिकातल्या सोमवारी मार्कंड्याच्या महादेवाला यायचं मी आधीच बोलून ठेवलं होतं. मधेच वैनगंगेला पूर आला. तो ओसरला तरी मन मागंपुढं होत होतं. घुग्घुसची आमची शेजारीण मंदाबाई तर तोंडावरच म्हणाली, "लोकं तिकडं घरं धुऊन राह्यले, अन् तुमी फिरायले चालल्या?"

मी तोड काढली. कुणावर भार नको, म्हणून माझ्या आणि यांच्या दोन्ही वेळच्या भाकऱ्या, ठेचा, पाण्याची कॅनसुद्धा बरोबर घेतली. वर खर्चही वाचणार!

घुग्घुसहून चंद्रपूर, पुढे मूलमार्गे चामोर्शी. एसटीत आपल्याला, बायकांना, अर्धं तिकीट, विसरू नका. चामोर्शीहून ऑटो करा, पण परतीचंही तेव्हाच ठरवा. नदी जवळ आली तशा धानाच्या बांध्यांमधलं पीक गाळात आडवं पडलेलं दिसलं. माझं भजन ऑटोतच थांबलं.

दर्शन मात्र निवांत झालं. कोरीव मूर्ती बघत प्रदक्षिणा घातली. मान दुखते, मन भरत नाही.

बाहेर एका खानावळीच्या सावलीत आम्ही गाठोडं सोडलं. भिंतीवर कमरेइतकी गाळाची रेघ. मालकीण सुमनबाई चुलीपाशी बसलेली.

"बसू का बाई? तुमाले काई तरास नाई, आमचं सारं हाये," मी मोठ्या मनानं सांगितलं.

ती हसली. "सारेच आणून राह्यले, ताई. भिंतीचा फोटो काढतेत, हळहळतेत, अन् आपलीच भाकर खाऊन जातेत. मंग मी चूल काऊन पेटवली? असंच चाललं तं खानावळ बंद करून मिरच्या तोडायले तेलंगणात जावं लागन मले."

माझा घास हातातच राहिला. आमच्या यांनी मात्र खुशीत भाकरी बाजूला सारली. "मी तं घरूनच म्हणत होतो!" (कधी, ते महादेवालाच माहीत.) "बाई, मासे हायेत का?"

"सोमवार हाये!" मी ओरडले.

"देव इथून दिसून राह्यला, भाऊ," सुमनबाई म्हणाली. "वांगं खा."

वांग्याची रस्साभाजी, नव्या तांदळाचा वाफाळता भात. जेवता जेवता झाडाखाली डबे उघडणाऱ्या दोन कुटुंबांना मीच हाक मारली, "भाकऱ्या राहू द्या, इथी गरम भात हाये!" ते आले. सुमनबाईनं पदर खोचला आणि भाताचं दुसरं गंज चुलीवर चढवलं.

अन्न टाकायची मला सवय नाही. घरी आल्यावर त्या भाकऱ्या आम्ही कुस्करून, फोडणी देऊन संपवल्या. यांची कुरकुर ऐकत.

आता मंदाबाई निघाली आहे पुढच्या सोमवारी. परवा कुंपणावरून विचारत होती, "डब्यात काय काय नेऊ वं?"

म्हटलं, "काई नको. भूक घेऊन जा."