वाचनाचा व्हिडिओ

पाथर्डीच्या पुढं, दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं अशा ठिकाणी मी शिकवतो. शाळेला मोठा टीव्ही मिळाला त्याच वर्षी वरून निरोप आला, प्रत्येक मुलाचा वाचनाचा व्हिडिओ काढून केंद्राच्या ग्रुपवर टाका. माझ्या तिसरीतली एक मुलगी राहिली होती. तिला जोडाक्षरं सोडाच, साधा शब्दही वाचता येत नव्हता. पण कान असा, की टीव्हीवर चारदा ऐकलेला धडा बोलणाऱ्या बाईंच्या थांबण्यासकट म्हणून दाखवायची.

मला ते ठाऊक होतं, म्हणून तर सुचलं. पुस्तक तिच्या हातात दिलं. ओळीवर बोट कसं फिरवायचं ते शिकवलं. मी मान हलवली की पान उलटायचं.

पहिल्यांदा सगळा वर्ग हसला. "गुरुजी, धडा संपला तरी हिचं बोट चित्रावरच हाय!"

पुन्हा काढला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तो तिच्या वडिलांनाही पाठवला. कौतुक अजून थोडं हवं होतं, दुसरं काही नाही.

त्या वर्षी तिला ऊसतोडीला न नेता, वाचायला शिकावी म्हणून आजीपाशी ठेवायचं ठरलं होतं. वडील शाळेत आले ते हसतच. "गुरुजी, वाचाया तर यायला लागलं की! मग नेतो संगं. धाकट्याला सांभाळील."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

उन्हाळ्यात ते परत आले. चावडीपाशी त्यांनी मला थांबवलं.

"पोरगी लई आडमुठी हाय, गुरुजी. तिकडं कारखान्यावर, कोपीवर राहनाऱ्या समद्यांना व्हिडिओ दावला मी. मुकादमानं भेळीचा कागद दिला हातात, म्हनला वाच. गपच! फोनमदी धडाधडा वाचती आन आमच्याम्होरं तोंड उघडंना. समदे हसले. दिल्या दोन ठेवून."

"लाजली असेल," मी म्हणालो. आणि गाडीला किक मारली.

चौथीत तिला वेगळं बसवून शिकवायला गेलो. पुस्तक समोर धरलं की ती खाली बघायची. बोटसुद्धा लावायची नाही. यंदा ती पाचवीला शेजारच्या गावात जायला लागली आणि तिथल्या बाईंनी मला सहज विचारलं, "हिला अक्षरओळख कशी नाही हो?" त्यांनाही मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. मग मात्र घरी जेवण जाईना.

रविवारी वस्तीवर गेलो. वडील बैलाला पाणी दाखवत होते. उभ्या उभ्याच सांगितलं, तिला वाचता येत नव्हतं, व्हिडिओतला धडा नुसता ऐकून पाठ होता, वाचल्याचं सोंग मी करवून घेतलं होतं.

बादली खाली ठेवून त्यांनी लेकीला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"आता हिच्याम्होरं सांगा."

मी पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती, बापाकडं बघत होती.

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"गुरुजींनी सांगितलं हुतं, कुनाला सांगू नको."

खरं होतं. हे मी घरून निघताना ठरवलेल्या बोलण्यात नव्हतं.

वडिलांनी बादली उचलून पुन्हा बैलापुढं धरली. "जावा तुमी," एवढंच म्हणाले.