मालकाचा फलक आणि विल्फचं वळण

"आज सांजच्याला हात वर करनार का न्हाई, त्येवढं बोल विल्फ."

"मेंढी धरलीया दोन्ही हातांनी. कुठला वर करू?"

"थट्टा नगं. मालकानं तुझ्या तोंडाम्होरं भिंत उभी केली, आनि तू खुरं तासत बसलायस!"

विल्फ टिबट्सनं मेंढीला नीट ढुंगणावर बसवलं आणि खुराची वाढलेली कड कापली. समोर उभा होता तो सिरिल बझवेल, त्याचा शेजारी आणि वळणावरचा जोडीदार. गावाशेजारचं महायुद्धातलं विमानतळ ओस पडलं आणि तिथं मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हापासून हे दोघं शर्यतीला 'बार्न' नावाच्या वळणावर उभे राहत. पगार नाही, डबा घरचा. गाडी घसरली की पिवळं निशाण हलवून मागच्यांना सावध करायचं, आणि मग धावायचं.

पुढं या शर्यतींची टीव्ही, तिकिटं, जाहिराती सगळं एका माणसाच्या मुठीत गेलं. बसायचा लंडनला, लोक त्याला नुसतं 'मालक' म्हणत. यंदा त्यानं बार्न वळणावर घड्याळाच्या जाहिरातीचा फलक ठोकला, दोन पुरुष उंच, नेमका विल्फच्या पुढ्यात. विल्फला आता गाड्या ऐकू येत, दिसत नसत. फलक हटत नाही तोवर उभंच राहायचं नाही का, हे आज निशाणवाल्यांच्या क्लबात ठरायचं होतं.

पण विल्फला मालकाचा धड रागही येईना. मालक यायच्या आधी याच वळणावर एक ड्रायव्हर जळाला होता. विल्फ हातातलं आग विझवायचं नळकांडं घेऊन पळाला, ते निम्म्यातच फुसकन संपलं. बंबवाले लांब चहा पीत बसलेले. मालक आला तसे डॉक्टर, बंब, हेलिकॉप्टर सगळे आले.

जेवताना त्यानं बायकोला, एनिडला छेडलं, "तुझी गवतावरची बसायची जागा गेली की. मालकानं खुर्च्या टाकून विकली."

"लई बरं झालं," विणकाम न थांबवता एनिड म्हणाली. "त्या आवाजानं डोकं उठायचं माझं. तुझ्यापायी बसत हुते."

मालकावर चिडायला विल्फला तेवढंही कारण उरलं नाही.

संध्याकाळी पबातल्या बैठकीत क्लबाचा अध्यक्ष मॉरिसनं विचारलं, "रविवारी उभं न ऱ्हानारे?" विल्फचा हात वर. "आनि उभं ऱ्हानारे?" पुन्हा वर. सगळा पब खिदळला.

"आरं, तुला दोन मतं दिली कुनी? मालकानं?"

"दोन्ही बी पटतंय मला."

"मंग दोन्ही बाद," मॉरिसनं निकाल दिला.

उभं राहायचंच ठरलं. सिरिलनं दंडावरची निशाणवाल्याची पट्टी काढून टेबलावर फेकली, अर्धी बिअर तशीच सोडून उठला. "ऱ्हा मंग भिंतीमागं, एकलाच," म्हणाला आणि गेला.

रविवारी फलकापलीकडं टायर किंचाळले, पत्रा वाजला. विल्फ वळसा घालून पुढं येऊन निशाण हलवतो तोवर मागची गाडी अडकलेल्या गाडीला वीतभर अंतरानं चुकवून गेली. तेवढ्यात मालकाचा बंब तिथं हजर. बंबवाल्यांना टीव्हीच्या कॅमेऱ्यात आधीच दिसलं होतं. पेटायच्या आत त्यांनी फेस मारला. ड्रायव्हर बाहेर आला, तो सरळ विल्फकडं.

"निशान कुठं हुतं रं तुझं?"

"फलकामागं. मालकाच्या."

"आनि ह्यो बंब इतक्या झटक्यात कुनाचा?"

"त्यो बी मालकाचाच."

ड्रायव्हरनं हेल्मेट काढलं. "मंग त्या मानसाला शिव्या घालू का हात जोडू?"

विल्फनं फलकाकडं पाहिलं, बंबाकडं पाहिलं. "तू वाचलास," एवढंच तो म्हणाला. "आनि मरत बी हुतास."

"ए बाबा, गप्पा नंतर!" बंबवाला ओरडला. "खडी झाड रस्त्यावरली, गाड्या फिरून यायल्यात!"

विल्फनं खराटा उचलला आणि खडी कडेला लोटू लागला.