लाल गाडीतली कोंबडी
परवा माझ्या गॅरेजात आलेल्या एका जुन्या गाडीचं दार उघडलं, कडब्याचा वास आला आणि माजलगावचा तो गोठा आठवला. तिथे वर्षानुवर्षं पडून असलेली लाल जपानी स्पोर्ट्स कार मालक बागायतदाराला त्याच दिवशी चालू करून हवी होती. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी तिला हुसकायला गेलो तशी मालकीणबाई कडाडल्या, "हात लावू नका! कालच बसलीय. एकवीस दिस गाडी हलायची न्हाई." मग मी चरफडत इंजिन खोलायला घेतलं, तर आतलं ऑइल डांबरासारखं घट्ट झालेलं. त्या दिवशी चावी फिरवली असती तर इंजिन कायमचं गेलं असतं. तीन आठवडे मी इंजिन साफ करत राहिलो; पिल्लं अंगणात उतरली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आजही गिऱ्हाईक विचारतं, "किती दिवस लागतील?" मी बोनेट न उघडताच सांगतो, "एकवीस."