सुजितच्या नावाचं रक्त

वर्षालीवहिनींबद्दल चार बऱ्या ओळी लिहाव्यात म्हणून बसलो, तर दर ओळीला माझीच लाज मध्ये येते. येऊ दे. मी त्याच लायकीचा आहे.

वहिनी म्हणजे माझा मित्र सुजित, त्याची बायको. माहेर लातूरकडचं, संसार चिंचवडला दोन खोल्यांत. सुजित आणि मी चाकणजवळ बॅटरीच्या एका कारखान्यात कामाला. तो कास्टिंगला, जिथे शिसं वितळवून साच्यात ओततात. मी स्टोअरला, फोर्कलिफ्टवर.

गेल्या वर्षी वहिनींचा तीन महिन्यांचा गर्भ पडला. दुसरी कोणी नशिबाला बोल लावून गप्प बसली असती. या बाई संत तुकाराम नगरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि पुढचं बाळ राहण्याआधी काय काय करायचं ते वहीत लिहूनच घेऊन आल्या. फॉलिक ॲसिडची गोळी रोज, तीही आतापासून. रक्त कमी, म्हणून जेवणावरचा चहा बंद. गोळी घेतली की कॅलेंडरवर खूण. मी चिडवायचो, "वहिनी, एवढा अभ्यास बारावीला केला असता तर तुम्हीच डॉक्टर झाला असता." त्या हसायच्या आणि मला जेवायला ठेवून घ्यायच्या.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचं कामही विचारलं. शिसं म्हटल्यावर त्याच्या रक्ताचा रिपोर्ट मागितला, कारण बापाच्या अंगातलं आणि कपड्यांतलं शिसंही बाळाला नडतं. कंपनी दर तीन महिन्यांनी कास्टिंगवाल्यांचं रक्त तपासतेच. सुजितचा रिपोर्ट उत्तम होता. उत्तम असणारच, ते रक्त माझं होतं.

ज्याचं शिसं जास्त निघतं त्याला पॅकिंगला टाकतात आणि तिथे ओव्हरटाइम नाही. सुजित म्हणाला, "भावा, एवढ्या वेळेला माझ्या जागी बस." रक्त घेणारा बाहेरचा, आमच्या तोंडाला मास्क. "सुजित" म्हणून पुकारलं की मी उठायचो आणि बाही वर करायचो. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा त्याने मला मिसळ खाऊ घातली आणि मी निर्लज्जासारखी ती खाल्ली.

एका रविवारी गेलो तर वहिनी मोरीत सुजितचा युनिफॉर्म धूत होत्या. खरं तर कंपनीत अंघोळ करून ते कपडे तिथेच टाकायचे असतात. सुजित पहिली बस गाठायला तसाच घरी यायचा. बादलीतलं पाणी करडं झालं होतं आणि वहिनींचे हात कोपरापर्यंत त्यात होते.

"ह्यांचं तर सगळं चांगलं आलंय भाऊजी," त्या म्हणाल्या. "म्हंजे खोट माझ्यातच असंल. आता आणखी काय सोडू, तेवढंच कळंना बघा."

सुजित दारात उभा होता. त्याने खाली पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच सगळं सांगून टाकलं, मिसळीसकट. वहिनींनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त बादलीतून हात काढले, साबण लावून धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोघांचंही रक्त तपासायला सांगितलं. शिसं उतरेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत, असंही बजावलं. कॅलेंडरवरच्या त्या सगळ्या खुणा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाताना वहिनी मला म्हणाल्या, "तुम्हीबी चला." कशाला, हे विचारायची हिंमत झाली नाही.

आम्ही तिघं एका बाकावर बसलो. आधी वहिनींचा नंबर लागला. त्या हाताला कापूस दाबून परत येऊन बसल्या. मग आतून मुलीने पुकारलं, "सुजित!"

सुजित मान खाली घालून बसून राहिला. आणि मी उठलो होतो. माझा हात बाहीचं बटण काढत होता.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "आज ह्यांचं ह्यांना देऊ द्या."