कासवाचा डाव

नोव्हेंबरात पडल्यापासून प्रतिमाकाकू जमिनीवर बसल्या नव्हत्या. पाटावर नाही, गालिच्यावर नाही, देवासमोरही नाही. हेमचंद्रकाकांनी देव उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले होते, म्हणजे काकूंना उभ्याने पूजा करता येईल.

पडणं तसं साधंच होतं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधला त्या वर्षीचा पहिला बर्फ, टपालपेटीपर्यंतची वीस पावलं आणि पायांत घरातल्या सपाता. मणक्याला बारीक भेग गेली. ती भरलीही, पण एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरांनी तो दोनदा तपासला. मग म्हणाले, "वयाच्या मानाने हाडं फार विरळ झालीत. पुढे वाकू नका, जड उचलू नका आणि पुन्हा पडू नका." काकू तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. परतताना गाडीत त्यांनी स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाबून पाहिलं. फार जोरात दाबायचा धीर झाला नाही.

त्याआधी सात वर्षं, दर सोमवारी संध्याकाळी, त्या गावातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये आठ-नऊ बायकांना योगासनं शिकवत होत्या. शिकल्या होत्या वडिलांकडून. नाना सांगलीच्या शाळेत कवायत शिकवायचे आणि घरात आसनांचे खेळ मांडायचे. बगळा होऊन एका पायावर कोण जास्त टिकतं, मांजर होऊन कोण पाठ जास्त ताणतं. सगळ्यांत आवडता डाव कासवाचा. सगळ्या मुलांनी पाठीवर आडवं होऊन हातपाय वर करायचे आणि एकेकाने उठून दाखवायचं. एकाने जी रीत वापरली ती पुढच्याला बंद. पहिल्या दोघा-तिघांचं सोपं असायचं. शेवटच्या मुलापर्यंत येता येता उठण्याची एकही शहाणी रीत शिल्लक नसायची आणि अंगणात हसून हसून पोटं दुखायची.

पण नानांची दुसरीही एक बाजू होती. रथसप्तमीला एकशे आठ सूर्यनमस्कार. तिथे खेळ नाही. धरलेला आकडा सोडायचा नाही. काकूंनी तो लग्नानंतर, अमेरिकेत आल्यानंतरही पाळला. फक्त मुलीच्या, दीपाच्या, जन्माच्या वेळचं एक वर्ष सुटलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या जोनचा फोन आला. जोन बासष्ट वर्षांची, वर्गातली सगळ्यांत टिकाऊ बगळा. "प्रतिमा, चर्चवाले विचारतायत, हॉल ठेवायचा की दुसऱ्यांना द्यायचा? येत्या सोमवारपर्यंत सांग."

काकूंनी जेवताना विषय काढला.

"सोडायचा. त्यात विचारायचं काय?" काका म्हणाले.

"अहो, पण—"

"पण काय? व्हीलचेअरमध्ये बसून शिकवणार आहेस?"

दीपाने काटा खाली ठेवला. "बाबा, दॅट्स मीन."

काका तसे शांत माणूस. घाबरले की त्यांचा आवाज असा होतो, हे काकूंना पंचवीस वर्षांत कळलेलं होतं. म्हणून त्यांना राग आला नाही. पण त्या रागापेक्षा वाईट एक गोष्ट झाली. त्यांना काकांचं पटलं. जी बाई स्वतः जमिनीवर बसायला घाबरते, ती दुसऱ्यांना काय शिकवणार?

१९८७ची रथसप्तमी गुरुवारी आली. सांगलीहून भावाने पाठवलेल्या दिनदर्शिकेवर काकूंनी ती कधीच हेरून ठेवली होती. एकशे आठ झाले तर शरीर अजून आपलं आहे. मग जोनला हो म्हणायचं. नाही झाले तर हॉल सोडायचा. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. पुढे वाकायचं नाही हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना वाटत होतं, नानांचा आकडा डॉक्टरांच्या वाक्यापेक्षा जुना आहे.

काका सातच्या गाडीने शिकागोला गेले. दीपा शाळेत गेली. स्वयंपाकघरातली कामं मुद्दाम लांबवत लांबवत अखेर साडेबाराला काकू बेसमेंटमध्ये उतरल्या. मोजण्यासाठी राजम्याचे एकशे आठ दाणे एका वाडग्यात, शेजारी रिकामा वाडगा. वर, जमिनीच्या पातळीवरच्या अरुंद खिडकीला बर्फ टेकला होता आणि त्यातून दुधाळ उजेड येत होता.

पहिला नमस्कार त्यांनी अगदी सावकाश घातला. तिसऱ्याला अंग गरम झालं. सातव्याला त्यांना चक्क बरं वाटलं. नमस्कार झाला की एक दाणा इकडून तिकडे. दहा झाले. "ॐ अर्काय नमः" म्हणून अकराव्याला त्या खाली वाकल्या आणि पाठीत कुठेतरी कट् असा आवाज झाला.

मोठा नव्हता. वाळलेली शेंग मोडावी एवढाच.

काकू गुडघ्यांवर आल्या, मग कुशीवर आणि मग पाठीवर. त्यानंतर त्या हलल्या नाहीत. दुखत होतं का? त्यांना ठरवता येईना. हाड होतं की नुसता सांधा मोकळा झाला होता? हलल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि हाड असेल तर हलायचं नव्हतं. छताला पाण्याचे पाइप दिसत होते. घर तापवणारी भट्टी धडधडत सुरू झाली, बंद झाली. गालिच्याला ओलसर वास होता. वाडग्याची कड इथून डोळ्यांच्या वर दिसत होती.

वर स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. एक वाजला असणार. काका रोज एकला फोन करायचे.

बारा वेळा वाजून तो थांबला. त्यानंतरची शांतता काकूंना जास्त भ्यायला लावणारी होती. आता ते पुन्हा करतील. मग जोनला करतील. जोनकडे किल्ली आहे. अँब्युलन्स येईल, शेजारपाजार खिडक्यांत उभा राहील आणि काकूंना उचलून नेतील. किंवा कुणीच येणार नाही आणि साडेतीनला दीपा येऊन पायऱ्यांवरून हाक मारेल. त्यानंतर कुणी आपल्याला जमिनीवर बसूही देणार नाही. हॉलचा प्रश्नच उरणार नाही.

त्यांनी पायाची बोटं हलवून पाहिली. दहाही हलली. हाताची हलली. मान इकडे, मान तिकडे. मग उठायचा विचार केला, पण उठणं म्हणजे पाठ वाकवून बसतं होणं, एवढं एकच चित्र डोळ्यांसमोर येत होतं.

हात छातीवर आखडलेले, गुडघे अर्धे वर. आपण कशा दिसतोय हे काकूंच्या तेव्हा लक्षात आलं.

"कासव," त्या मोठ्याने म्हणाल्या. आवाज बेसमेंटमध्ये अगदी लहान मुलीसारखा वाटला. "पाठीची रीत बंद."

पाठ वाकवायची नाही. मग दुसरी कुठली? त्यांनी गुडघे एकत्र केले, एक हात डोक्यावर लांब केला आणि लाटणं लोळवावं तशा सबंधच्या सबंध कुशीवर झाल्या. थांबल्या. श्वास मोजला. कोपर टेकून, तळहात रेटून, पाठ फळीसारखी ठेवून हातागुडघ्यांवर आल्या. वाडगा डोक्याने ढकलला गेला आणि दाणे खळखळले. त्यांना हसू येणार होतं, पण आलं ते रडूच. तशाच रडत त्या कपडे वाळवायच्या यंत्रापर्यंत रांगत गेल्या, त्याची कड धरली, एक पाऊल टेकलं आणि उभ्या राहिल्या.

फोन पुन्हा वाजू लागला. काकू जिना चारही पायांवर चढल्या.

"अगं, होतीस कुठे?"

"खाली."

"बेसमेंटमध्ये? पडलीस का?"

"पडले नाही. नमस्कार घालत होते. पाठीत कट् वाजलं. मग मला उठायची भीती वाटली."

"आणि?"

"आणि उठले."

काका मिळाली त्या गाडीने परत आले. तीन वाजता दार उघडलं तेव्हा त्यांच्या बुटांना स्टेशनपासूनचा बर्फ होता आणि तोंड पांढरंफटक. काकूंनी तोवर अठ्ठ्याण्णव दाणे गरम पाण्यात भिजत घातले होते, उरलेले दहा परत बाटलीत टाकले होते आणि डॉक्टरांकडे उद्या सकाळची वेळ घेतली होती.

"उठलीस म्हणजे कशी उठलीस?"

"दाखवते."

"नको! प्रतिमा, प्लीज."

पण त्या सोफ्याची कड धरून, पाठ ताठ ठेवून, एकेक गुडघा टेकत गालिच्यावर उतरल्याच होत्या. आडव्या झाल्या. काका दोन्ही हात पुढे करून वर उभे. ते हात काकूंना लागत नव्हते आणि मागेही जात नव्हते. कूस, कोपर, तळहात, गुडघे. मध्ये एकदा पाठीत कळ आली. ती काकांपासून लपवता आली नाही. त्या थांबल्या, ती ओसरू दिली आणि मग सोफ्याला धरून उभ्या राहिल्या.

काका कोटासकट तिथेच खाली बसले. बराच वेळ बसले. मग उठायला गेले तर गुडघे ऐकेनात; पंधरा वर्षांत तेही जमिनीवर बसले नव्हते.

"अगं, हात दे जरा."

"डॉक्टरांनी जड उचलू नका म्हणून सांगितलंय."

काकांनी वर पाहिलं. काकूंनी खुर्ची ओढली, तिच्यावर ताठ बसल्या. "पाठीवर व्हा. हातपाय वर. आणि माझी रीत बंद, हां."

"वेड लागलंय का तुला?"

"चीटिंग नाही चालणार. दुसरी शोधा."

दीपा दारात दप्तर घेऊन उभी राहिली तेव्हा बाबा कोटात, पाय वर करून गालिच्यावर होते. "व्हॉट आर यू गाइज डूइंग?"

काकूंचा एक हात अजून पाठीवर, कळ आली तिथेच होता. एक्स-रे उद्या होता आणि त्यात काय निघेल याची भीती घरात तशीच होती. दुसऱ्या हाताने त्यांनी सोफ्याशेजारचा फोन ओढला आणि जोनचा नंबर फिरवला.

"हॉल ठेव," त्या म्हणाल्या. "पण जरा जास्त खुर्च्या लागतील. आणि सगळ्यांना सांग, या वेळी आपण आधी उठायला शिकणार आहोत."