खालचे फोटो

हवालदार त्या सकाळी माझ्याशी बोलला होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

शिरूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो काढायला लागलो तेव्हा कॅमेऱ्यात रीळ असायचं, आणि मांडवात माझा दरारा होता. मी हात वर केला की भटजीसुद्धा थांबायचे. मग माझ्या साडूनं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, ड्रोन घेतला. कॅमेरा धरायला त्याला मीच शिकवलेलं. ड्रोन आला आणि मांडवातल्या सगळ्या माना वर झाल्या. एकदा तर हार घालता घालता नवरीच वर बघून हसली. माझ्या फोटोत नुसती तिची हनुवटी आली. लोक ऑर्डर त्याला द्यायला लागले. तो प्रेमानं सांगायचा, खालचे फोटो दादाच काढतील. मला त्यातलं 'खालचे' तेवढं ऐकू यायचं.

वरवंडच्या लग्नात आम्ही दोघं होतो. तो आत बॅटऱ्या चार्ज करत होता. गेटवर हवालदार आला आणि गळ्यातला कॅमेरा बघून माझ्याकडेच वळला. जवळच्या मैदानात मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार होतं, म्हणून दिवसभर ड्रोनला बंदी होती.

"तुमच्या ड्रोनवाल्याला सांगा, आज काय बी उडवायचं न्हाई."

"व्हय, सांगतो."

सांगितलं नाही. विसरलो असतो तर वेगळी गोष्ट. नवरदेव मांडवात आला, तेव्हा ड्रोन हातात घेऊन साडूनं मला विचारलं, "दादा, उडवू ना?"

"उडव की. समदी त्याचीच वाट बघत्यात."

मंगलाष्टकं संपायच्या आत पोलीस आले. ड्रोन जप्त झाला. साडूला डोक्यावरच्या फेट्यासकट गाडीत बसवलं. हेलिकॉप्टर तोवर वरच घिरट्या घालत होतं.

वकिलानं समजावलं की ड्रोनच्या नियमांत दंड लाखापर्यंत जातो, पण खरी भीती दुसरीच. बंदी ठाऊक असून मोडली असं ठरलं तर कैदही होऊ शकते. हवालदाराच्या जबाबात होतं, फोटोवाल्याला सकाळीच बजावलं होतं. कुठल्या फोटोवाल्याला, ते नव्हतं. साडू सांगत राहिला की मला कुणी काही बोललं नाही. त्याचं कोण ऐकणार? वकिलानं मला विचारलं. मी म्हणालो, मी तेव्हा आत होतो.

पुढच्या लग्नात सगळी माझ्याकडे बघत होती. मला बरं वाटलं. आता लिहायलाच बसलोय, तर हेही लिहून टाकतो.

दर तारखेला दौंडच्या कोर्टात मी त्याच्यासोबत जातो. सासूबाई चारचौघांत म्हणतात, साडू असावा तर असा. मागच्या तारखेला कोर्टाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. बशीत चहा ओतता ओतता तो म्हणाला, "दादा, तवा गेटवर तुम्ही असता, तर मला थांबवलं असतं."

मी मान हलवली. पुन्हा चहा सांगितला.

हवालदारानं बंदीचं मला सांगितलं होतं, साडूला नाही. कोर्टात उभं राहून एवढं बोलणं, हे मी त्याचं देणं लागतो.